देवनागरी सुलेखनाची सुरुवात: आधी बोरूचा कोन, मग अक्षर

सुलेखन शिकायला घेतले तेव्हा माझ्याकडे पेनांचा चांगला संच होता, मोबाइलवर पाहायला भरपूर व्हिडिओ होते आणि रोज अर्धा तास बसायची तयारीही होती. सात-आठ महिने नेमाने बसले. इंग्रजी अक्षरे बरी येऊ लागली, पण मराठी लिहायला घेतले की काहीतरी खटकायचे. ‘व’चे पोट डावीकडे खाली सुजल्यासारखे दिसायचे, ‘क’ एका अंगावर कलंडलेला वाटायचा. सराव कमी पडतोय असे समजून मी आणखी पाने भरत राहिले. शेवटी एका कार्यशाळेत शिकवणाऱ्या बाईंनी माझा कागद हातात घेतला आणि म्हणाल्या, “अगं, तू रोमनचा कोन धरलायस. देवनागरीचा याच्या बरोब्बर उलटा असतो.”

त्या एका वाक्याने माझे पुढचे सगळे शिकणे बदलले. नव्याने सुरुवात करणाऱ्याचे ते सात-आठ महिने वाचावेत म्हणून हा लेख. तुमचे रोजचे अक्षर वाईट असले तरी चालेल. ज्यांचे अक्षर कोंबडीच्या पायांसारखे, असे शाळेत ऐकावे लागले, त्यांनाही सुलेखन येते, कारण इथे घाई नसते आणि हत्यार वेगळे असते.

१. साहित्य: थोडेच घ्या

पहिल्या तीन महिन्यांसाठी एवढे पुरते:

- चार मिलिमीटरच्या आसपास रुंद टोकाचा एक बोरू (पोकळ काडीची लेखणी), टोक तिरपे कापलेला
- सुताराची चपटी पेन्सिल, किंवा दोन साध्या पेन्सिली आणि दोन रबरबँड
- काळी शाई आणि बसक्या, रुंद तोंडाची छोटी दौत
- सरावासाठी जरा जाड, गुळगुळीत कागद (१०० जीएसएमच्या आसपासचा)
- फूटपट्टी, गुण्या, कोनमापक, खोडरबर
- जुने सुती फडके आणि पाण्याचा पेला

बोरू मिळेपर्यंत थांबू नका. आइस्क्रीमची लाकडी काडी कात्रीने तिरपी कापा, टोकाची कड पॉलिश पेपरवर हलकेच घासा, की काम सुरू. काडी शाई फार धरत नाही, दर दोन-तीन रेघांनी बुडवावी लागते. पण कोन शिकायला तिच्याइतके स्वस्त साधन नाही.

टोक कुठल्या बाजूला तिरपे, हे मात्र नीट समजून घ्या. उजव्या हाताने लिहिणाऱ्याने बोरूचे टोक समोर, स्वतःपासून दूर करून वरून पाहावे. टोकाचा डावा कोपरा पुढे आलेला आणि उजवा मागे असायला हवा. दुकानात मिळणारी बहुतेक चपट्या निबची पेने सरळ कापाची असतात, कारण ती रोमन लिपीसाठी बनवलेली आहेत. पायलटचे पॅरलल पेन उत्तम आहे, माझ्याकडेही आहे, पण त्याचे टोकही सरळच. उजव्या हाताने त्यातून देवनागरीचा कोन काढायचा तर मनगट अवघडते. पहिले हत्यार म्हणून ते घेऊ नका.

शाईबद्दल एक सावधगिरी. ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेली ड्रॉइंग इंक बोरूला आणि टाकाला (बुडवून लिहायच्या निबच्या लेखणीला) छान चालते, पण ती फाउंटन पेनात किंवा काडतुसाच्या पेनात कधीही भरू नका. अशा शाईत बहुधा लाख असते. ती आत वाळली की पेन कायमचे बसते. बोरूलाही ती चिकटते, म्हणून उठण्यापूर्वी टोक पाण्यात हलवून फडक्याने पुसायचे.

२. बैठक आणि कागदाचा कल

टेबलावर साधारण ३० अंशांत कललेली फळी ठेवा. पाटाखाली दोन जाड पुस्तके सरकवली तरी होते. कागद थेट फळीवर न ठेवता खाली चार-पाच वर्तमानपत्रे घाला. या मऊ गादीमुळे टोकाची पूर्ण कड कागदाला टेकते.

उजव्या हाताने लिहिणाऱ्यांनी कागद थोडा डावीकडे फिरवावा, म्हणजे ओळ उजवीकडे चढत जाताना दिसेल. कोपर अंगाला चिकटवू नका, जरा बाहेर असू द्या, आणि बोरूचा दांडा खांद्याकडे न झुकवता छातीकडे येऊ द्या.

डावखुऱ्यांना इथे एक फायदा आहे आणि तो त्यांना सहसा कोणी सांगत नाही. डाव्या हातात सरळ कापाचे पेन साहजिकच ज्या कोनात बसते, तोच देवनागरीचा कोन. रोमन शिकताना त्यांना मनगट वाकवावे लागते, देवनागरीत नाही. फक्त हात ओळीच्या खाली ठेवा, नाहीतर ओली शाई तळव्याने पुसली जाईल.

३. कोन

सगळ्यात जास्त वेळ इथे द्या.

रुंद टोकाने लिहिताना जाड आणि बारीक रेघ दाबाने येत नाही, दिशेने येते. टोकाची कड कागदावर एकाच कोनात धरून ठेवायची आणि हात फिरवायचा. कडेच्या दिशेने गेलात तर रेघ केसासारखी बारीक येते आणि कडेला आडवे गेलात तर पूर्ण रुंद.

रोमन लिपीत कड खाली-डावीकडून वर-उजवीकडे असते. परंपरेने चालत आलेल्या देवनागरीत ती वर-डावीकडून खाली-उजवीकडे असते, साधारण ४५ अंशांत. म्हणून ‘व’चे पोट वर डावीकडे आणि खाली उजवीकडे जाड असते, आणि खाली डावीकडे बारीक होते. मी रोमनचा कोन धरत होते, त्यामुळे नेमक्या बारीक व्हायच्या जागी माझी रेघ जाड होत होती. ‘सूज’ दिसायची ती तीच.

रोज बसल्यावर पहिल्या दोन मिनिटांत ही परीक्षा घ्या:

- वरून उजवीकडून खाली डावीकडे एक तिरपी रेघ ओढा. ती टोकाइतकी रुंद आली पाहिजे.
- वरून डावीकडून खाली उजवीकडे दुसरी ओढा. ती अगदी बारीक आली पाहिजे.
- एक उभा दंड आणि एक आडवी रेघ ओढा. दोन्हींची जाडी सारखी हवी.

तिसरी खूण फार उपयोगाची आहे. कोन ४५ अंश असेल तर उभी आणि आडवी रेघ दोन्ही टोकाच्या सुमारे सात दशांश जाडीच्या येतात. चार मिलिमीटरचा बोरू असेल तर जवळजवळ २.८ मिलिमीटर. दंड शिरोरेषेपेक्षा जाड झाला तर तुमची कड आडवी पडली आहे; शिरोरेषा जाड झाली तर कड उभी झाली आहे. कोनमापक हातात न घेता, लिहिता लिहिता स्वतःची चूक ओळखता येते. मी अजूनही प्रत्येक पानाच्या कोपऱ्यात आधी एक दंड आणि एक आडवी रेघ ओढून बघते.

कोन डोळ्यांना दिसत नसेल तर दोन पेन्सिली रबरबँडने शेजारी-शेजारी घट्ट बांधा. दोन्ही टोके एकदम कागदाला टेकवा, डावे वर आणि उजवे खाली, आणि अक्षर काढा. दोन समांतर रेषा उमटतील. त्या जिथे एकमेकींत मिसळतात तिथे बोरूची रेघ बारीक होणार आणि जिथे दूर जातात तिथे जाड. एक आठवडा फक्त या जोडपेन्सिलीने ‘व’ काढलात तरी वेळ वाया जाणार नाही.

दोन चुका इथे हमखास होतात. एक म्हणजे वळणावर बोटांत बोरू फिरवणे. वळण हाताने घ्यायचे, कड फिरता कामा नये. दुसरी, बोरू वर ढकलणे. बोरू ओढायचा असतो. वर जाणारे वळण आले की बोरू उचला आणि उरलेला तुकडा दुसऱ्या बाजूने, वरून खाली ओढून जोडा. ढकललात तर कड कागदात रुतते आणि शाईचे शिंतोडे उडतात.

आजचे अनेक सुलेखनकार जाणूनबुजून दोन्ही कोन वापरतात आणि त्यातून देखणी कामे होतात. पण आधी हा एक कोन हातात मुरू द्या.

४. ओळी आखणे

कोऱ्या कागदावर सराव करू नका. अक्षराची उंची बोरूच्या रुंदीवरून ठरते. मी टोकाच्या पाचपट धरते: चार मिलिमीटरच्या बोरूला अक्षराचे अंग २० मिलिमीटर. वर मात्रा-वेलांटीसाठी अडीच पट म्हणजे १० मिलिमीटर, खाली उकारासाठी तेवढेच. एका ओळीला ४० मिलिमीटर लागतात, आणि एफोर कागदावर समास सोडून पाच ओळी सुखाने बसतात.

रोमन अक्षरे खालच्या रेषेवर उभी असतात, आपली अक्षरे वरच्या रेषेला लटकतात. त्यामुळे वरची रेषा पक्की सांभाळा. ‘र’, ‘ट’, ‘द’ अशी अक्षरे खाली कुठे संपतात यात थोडे कमी-जास्त झाले तरी डोळा माफ करतो. वरची ओळ हलली तर लगेच दिसते.

बोरूची शिरोरेषा शब्दातली सगळी अक्षरे झाल्यावर एका दमात ओढा. मोडी लिपीत याच्या उलट होते: आधी पानभर आडव्या रेषा ओढायच्या आणि मग हात शक्य तितका न उचलता अक्षरे खाली सोडत जायची. मोडी अतिशय सुंदर आहे, पण बाळबोध, म्हणजे आपली देवनागरी, आणि मोडी एकदम सुरू करू नका. दोन्हींचा वेग वेगळा आणि हात गोंधळतो.

५. पहिले पंधरा दिवस फक्त रेघा

कंटाळवाणे वाटेल, पण टाळू नका. उभा दंड, आडवी रेघ, दोन्ही तिरप्या, डावे अर्धवर्तुळ, उजवे अर्धवर्तुळ, पूर्ण गोल आणि ‘म’मध्ये येते तशी गाठ, अशा आठ गोष्टी. प्रत्येकीची एक ओळ, रोज वीस ते तीस मिनिटे. रविवारी तीन तास बसण्यापेक्षा रोजची वीस मिनिटे जास्त कामाची आहेत, कारण हाताची आठवण रोजच्या रोज पक्की होते.

प्रत्येक पानावर तारीख घाला आणि एकही पान फेकू नका.

६. अक्षरे वर्णमालेच्या क्रमाने शिकू नका

क, ख, ग, घ हा क्रम उच्चाराचा आहे, हाताचा नाही. ‘ख’ काढायला आधी ‘र’ आणि ‘व’ दोन्ही यायला हवेत, आणि वर्णमालेत तो दुसराच येतो. आकारावरून घराणी करा:

- व, ब, क: दंड आणि पोट. सुरुवात इथूनच.
- प, ष, फ
- न, म, भ, ग: गाठ आणि दंड
- र, स, ख
- ट, ठ, ढ, द: गोलाई आणि तिचा शेवट
- ड, ङ, इ, ह, झ: वळणावळणाची अक्षरे, सर्वात शेवटी

उरलेली अक्षरे यांच्या ओळखीने आपोआप जवळ येतात. एका घराण्याला चार-पाच दिवस द्या. ‘व’ साधला की ‘ब’ म्हणजे पोटात एक तिरपी रेघ, आणि ‘क’ म्हणजे दंडापलीकडे एक वळण.

‘र’बद्दल वेगळे सांगते. त्याचा पाय खाली उजवीकडे जातो, म्हणजे नेमका कडेच्या दिशेने. तो थेट ४५ अंशांत ओढला तर धाग्यासारखा बारीक होतो आणि अक्षर लंगडे दिसते. म्हणून पाय थोडा उभा ठेवा, की त्यात जाडी येईल. ‘स’ आणि ‘ख’लाही हेच लागू.

७. मराठी वळण सांभाळा

बाजारात आणि इंटरनेटवर मिळणारे बरेच कित्ते हिंदीसाठी केलेले असतात. ते गिरवले तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदी वळणाचे होतात. मराठीचा ‘ल’ पाकळीचा, दोन्ही बाजूंना गोल. मराठीचा ‘श’ देठाचा. महाराष्ट्र शासनाच्या २००९ च्या शासन निर्णयातही मराठीसाठी हेच आकार ठरवून दिले आहेत. संगणकावरचा फॉन्ट छापून त्यावर गिरवणार असाल तर आधी ही दोन अक्षरे तपासा, कारण कित्येक फॉन्ट मूळ हिंदी वळणाचे आहेत.

हिंदीच्या कित्त्यात ‘ळ’ बहुधा नसतो, आणि ‘सुऱ्या’, ‘दऱ्या’, ‘वाऱ्यावर’ यांतला अर्धा ‘र’ तर नसतोच. ‘ळ’साठी वेगळे पान काढा. दोन गोलांचा तोल त्यात सांभाळावा लागतो. जमला की मराठी ओळीला त्याच्याइतकी शोभा दुसरे अक्षर देत नाही.

काना-मात्रा-वेलांटीची गोष्ट अशी, की नवशिक्याला पहिला मोह वेलांटीचाच होतो. ती लांब खेचायची, शब्दावरून फिरवायची, शेवटाला झोका द्यायचा. मलाही झाला. अक्षराचे अंग कच्चे असताना वेलांटी सजवली की सगळे लक्ष कच्चेपणाकडे जाते. सहा महिने साधी वेलांटी काढा: दंडाच्या माथ्यावरून उठणारी, अक्षराच्या रुंदीएवढी.

जोडाक्षरे दोनच प्रकारे सुरू करा: दंड गाळून शेजारी जोडणे (‘म्ह’, ‘स्त’, ‘ग्य’) आणि एकाखाली एक (‘ट्ट’, ‘ड्ड’). ‘क्ष’, ‘ज्ञ’, ‘श्र’ यांना स्वतंत्र अक्षरे समजून शिका.

८. मोकळी जागा

अक्षरे सुटी चांगली येऊ लागली, तरी शब्द वाईट दिसतो. सगळ्यांचेच होते. कारण आपण अक्षरांमधले अंतर मोजतो आणि डोळा पांढरी जागा मोजतो. ‘गगन’मध्ये दंडच दंड आहेत, तिथे अंतर जास्त हवे. ‘रट’सारख्या शब्दात दोन्ही अक्षरांच्या अवतीभवती आधीच मोकळीक आहे, तिथे ती जवळ आणावी लागतात. दोन अक्षरांच्या मध्ये पाणी ओतले तर प्रत्येक फटीत सारखेच मावेल, असा अंदाज धरा.

तपासायला कागद उलटा करा, खालचे वर. शब्द वाचता येईनासा झाला की नुसते काळे-पांढरे दिसते आणि कुठे गर्दी झाली, कुठे भोक पडले ते लगेच कळते.

समर्थ रामदासांनी दासबोधाच्या एकोणिसाव्या दशकाचा पहिला समास लेखनालाच दिला आहे. अक्षर वाटोळे, सरळ, मोकळे असावे, पहिले अक्षर आणि ग्रंथाचे शेवटचे अक्षर एकाच टाकाने लिहिल्यासारखे वाटावे, आणि पानाच्या भोवती जागा सोडून मध्ये लिहावे म्हणजे कागदाची कड झडली तरी अक्षराला धक्का लागत नाही, असे त्यांचे सांगणे आहे. मी ते वाचले तेव्हा समास सोडण्याचे खरे कारण पहिल्यांदा समजले. तेव्हापासून एफोर कागदावर चारी बाजूंनी किमान २५ मिलिमीटर सोडते, आणि खाली त्याहून थोडे जास्त.

९. पाहायला शिका

हाताइतकाच डोळाही शिकवावा लागतो. कमल शेडगे यांनी मराठी नाटकांच्या जाहिरातींसाठी केलेली नावे शोधून पाहा. नाटकाचा स्वभाव अक्षरातून कळतो. र. कृ. जोशी यांनी अक्षरांवर आयुष्यभर विचार केला आणि शिकवले. संगणकावरचा ‘मंगल’ हा फॉन्ट त्यांचाच. सुलेखनकार अच्युत पालव यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. त्यांची प्रात्यक्षिके पाहायची संधी आली तर सोडू नका, कारण तयार कामापेक्षा हात चालताना पाहणे जास्त शिकवते.

पाहताना एक फरक लक्षात ठेवा. काही अक्षरे लिहिलेली असतात, काही रेखाटलेली. नाटकांची नावे, दुकानांच्या पाट्या बहुधा रेखाटलेल्या, म्हणजे पेन्सिलीने आकार ठरवून मग ब्रशने भरलेल्या. तशी अक्षरे बोरूच्या एका ओढीत आणायला गेलात तर येणार नाहीत, आणि आपल्याला जमत नाही असा चुकीचा समज होईल. बोरूने लिहिलेले पाहायचे असेल तर जुन्या हस्तलिखित पोथ्या पाहा. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात पोथ्यांचा मोठा संग्रह आहे. नकलून घेऊ नका. एक अक्षर निवडा आणि बोरू कुठे टेकला, कुठे उचलला ते शोधा.

१०. पहिले पूर्ण काम

तीन-चार महिन्यांनी भिंतीवर लावण्याजोगे काही करावेसे वाटते. लगेच पसायदान लिहायला घेऊ नका. नऊ ओव्या एकाच हाताने, एकाच दमात सांभाळणे ही वर्षभराच्या सरावानंतरची गोष्ट आहे. चार-पाच अक्षरांचा एक शब्द घ्या: घराचे नाव, आईचे नाव.

माझे पहिले काम मैत्रिणीच्या वास्तुशांतीसाठी होते. सुंदर, खरखरीत हातकागद आणला, आदल्या रात्री लिहायला बसले, आणि पहिल्याच दंडाला शाई टीपकागदावर पसरावी तशी पसरली. त्या कागदाला पुरेशी खळ नव्हती आणि मी कडेला एक रेघ ओढून पाहिली नव्हती. दुसरा कागद घरात नव्हता. मैत्रिणीकडे रिकाम्या हाताने गेले, ते अजून मनाला लागते. म्हणून चांगल्या कामाला कागद नेहमी दोन जास्त घ्या, त्यातल्या एकाच्या कोपऱ्यावर त्याच शाईने, त्याच बोरूने रेघ ओढा आणि वाळेपर्यंत थांबा.

आधी साध्या कागदावर शब्द आठ-दहा वेळा लिहा, सर्वात बरा कापून चांगल्या कागदावर ठेवून जागा ठरवा, मग पेन्सिलीने अगदी हलक्या ओळी आखा. लिहून झाल्यावर पेन्सिलीच्या रेषा लगेच खोडू नका. वरून कोरडी दिसणारी जाड रेघ आत ओली असते आणि खोडरबराने काळा डाग ओढला जातो. रात्रभर सपाट ठेवा, उभे करू नका. सकाळी मऊ खोडरबराने, अक्षरापासून बाहेरच्या दिशेने खोडा. चौकटीत बसवताना काच कागदाला चिकटणार नाही असा माउंट लावायला चौकटवाल्याला सांगा, नाहीतर पावसाळ्यात दमटपणाने शाई काचेला धरते.